शंभर पाय आणि खरी गोम

गोमेला शंभर पाय असतात का, या प्रश्नाचं 'नाही' हे उत्तर आता जवळजवळ सगळ्यांना पाठ झालं आहे. प्रश्नमंजूषेत ते विचारलं जातं, मुलांच्या विज्ञानपुस्तकांत रंगीत चौकटीत छापलं जातं, आणि त्याच्या पाठोपाठ येणारा निष्कर्षही ठरलेला असतो: म्हणजे 'शतपाद' हे नावच चुकीचं, जुन्या लोकांनी न मोजता ठोकून दिलेलं. त्यावर दुसरी बाजू उसळून उठते. पूर्वजांना नावं ठेवणारे तुम्ही कोण, त्यांना सगळं ठाऊक होतं, त्या 'शत'मध्ये काही गूढ अर्थ दडलेला आहे, असं ती बजावते. दोघं हातघाईवर येतात, पण दोघांचं गृहीतक एकच असतं. नावात आकडा आला म्हणजे कुणीतरी मोजून तो लिहिला असणार! मला हे गृहीतकच मान्य नाही. शतपदी हे तिचं जुनं संस्कृत नाव खोटं नाही, कारण ती मोजदाद नव्हतीच. डोळ्यांना जे दिसलं त्याचं ते वर्णन होतं. आणि 'नाव चुकीचं' एवढं म्हणून विषय मिटवला की त्या प्राण्याकडे बघायचंही आपण थांबतो, हे मला जास्त खटकतं.

आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं आधी पुरतं मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. पूर्ण वाढ झालेल्या गोमांच्या पायांच्या जोड्या 15 पासून 191 पर्यंत आढळतात. भिंतीवरून झरझर धावणाऱ्या लांबलचक पायांच्या गोमेला 15 जोड्या असतात, म्हणजे 30 पाय. दगडाखाली सापडणाऱ्या चपट्या, तपकिरी गोमांनाही तेवढ्याच. जिला आपण घोण म्हणतो त्या दांडग्या गोमेला बहुधा 21 जोड्या असतात, काही जातींत 23. मातीत राहणाऱ्या, जाड दोऱ्यासारख्या दिसणाऱ्या गोमांमध्ये हा आकडा 27 पासून थेट 191 पर्यंत जातो, 382 पाय! तेव्हा शंभराच्या अलीकडेही गोमा आहेत आणि पलीकडेही. नेमक्या शंभरावर मात्र कुणी थांबत नाही, आणि हा योगायोग नाही. पायांच्या जोड्या नेहमी विषम संख्येत असतात. शंभर पाय म्हणजे 50 जोड्या, आणि 50 तर सम. 48 जोड्यांची एक विलक्षण गोम 1999 साली नोंदली गेली, पण तो अपवाद इतका दुर्मीळ की त्याचीच बातमी झाली. आक्षेप घेणाऱ्यांच्या हातात एवढं भक्कम हत्यार आहे हे मी मान्य करतो. प्रश्न इतकाच, की ते चालवायचं कुणावर?

मराठी माणूस दिवसातून किती वेळा 'शंभर' म्हणतो आणि त्यातल्या किती वेळा मोजतो? 'तुला शंभरदा सांगितलं' असं आई म्हणते तेव्हा मुलगा वहीत खुणा करून 'नाही, एकवीस वेळाच' असं म्हणत नाही, आणि म्हणालाच तर तो आईचं वाक्य दुरुस्त करत नसून तिचं म्हणणं टाळत असतो. शतपावली घालणारा पावलं मोजत नाही. 'छप्पन्न बघितलेत तुझ्यासारखे' यातल्या छप्पन्नांची यादी कुणी मागत नाही, आणि 'सतराशे साठ कामं' पडली आहेत म्हणणाऱ्याकडे कुणी हिशेब मागत नाही. भाषेत आकड्याला दोन कामं असतात. एक बाजारातलं, जिथे एकानं चुकला तरी भांडण होतं. दुसरं तोंडातलं, जिथे आकडा म्हणजे पुष्कळपणाचं माप, आणि ते ओंजळीनं घ्यायचं असतं. बाजारातला तराजू घेऊन तोंडातलं माप जोखायला निघालो तर प्रत्येक म्हण खोटी ठरेल.

ही सवय फक्त बोलीभाषेची आहे असंही नाही. पुरुषसूक्तातला पुरुष सहस्रशीर्षा, सहस्राक्ष आणि सहस्रपात् आहे. आकडेच धरून बसायचं तर हजार डोक्यांना हजारच डोळे म्हणजे डोक्यागणिक एक, आणि पायही तसेच डोक्यागणिक एक! हे गणित जुळत नाही, ते त्या कवीला कळलं नसेल का? सायणाचार्यांनी भाष्यात सरळ सांगितलं आहे की सहस्र हा शब्द इथे उपलक्षण आहे, अर्थ 'अनंत'. ज्यांच्या नावानं गूढ अर्थ काढले जातात त्यांच्याच परंपरेत, मोजणीचा हट्ट सोडा, हे सांगणारा भाष्यकार आहे. शतपथ ब्राह्मणाचं उदाहरण तर दोन्ही बाजूंनी ध्यानात घ्यावं. त्याच्या माध्यंदिन शाखेच्या पाठात खरोखर शंभर अध्याय आहेत. काण्व शाखेच्या पाठात 104 आहेत, आणि तरी नाव शतपथच. काण्वांना मोजता येत नव्हतं, की नाव बदलायची त्यांना गरजच वाटली नाही? रोमन सैन्यातल्या तुकडीला 'सेंच्युरिया' म्हणत; शब्द शंभराचा, आणि साम्राज्याच्या काळात तिच्यात साधारण 80 सैनिक असत. ज्या लॅटिन 'सेंटुम'मधून, म्हणजे शंभरमधून, गोमेच्या 'सेंटिपीड' या इंग्रजी नावाचा पूर्वार्ध आला, त्याच शब्दाची ही थोरली बहीण. रोमन सेनापतींना आपले सैनिक मोजता येत नव्हते असं आजवर कुणी म्हटलेलं माझ्या वाचनात नाही. गोमेच्या बाबतीत मात्र तोच आरोप बिनदिक्कत होतो.

यावर सगळ्यात धारदार प्रत्युत्तर असं येतं, आणि ते मला स्वतःला बराच काळ अडवून होतं. जी संस्कृत भाषा गोमेला शतपदी म्हणते तीच भुंग्याला षट्पद म्हणते, आणि भुंग्याला पाय बरोबर सहाच असतात. तिथे अचूक मोजलं, मग इथे का नाही? एकीकडे मोजणी आणि दुसरीकडे अलंकार, हा सोयीनं केलेला भेद नाही का?

मला वाटतं, भेद सोयीचा नाही, तो डोळ्यांनीच घालून दिलेला आहे. सहा पाय एका नजरेत मावतात. भुंगा फुलावर बसला की दोन क्षणांत ते मोजून होतात. कोळ्याचे आठही मोजता येतात. पण धावत्या गोमेचे पाय मोजून पाहा. ते एकेकटे हलतच नाहीत. एका बाजूनं लहर उठते, शरीराच्या कडेनं सरकत जाते, ती विरायच्या आत पुढची उठलेली असते. वाऱ्यानं पिकावर लाट जावी तसं ते दिसतं. त्या लाटेत 'हा एक पाय, हा दुसरा' असं वेगळं काढता येत नाही. जिथवर नजर मोजू शकते तिथवर भाषा मोजते. जिथे नजर हरते तिथे भाषा एक मोठा, गोल, तोंडात बसणारा आकडा उचलते. षट्पद आणि शतपदी ही दोन्ही नावं प्रामाणिकच आहेत. पहिलं सांगतं की मी मोजलं, दुसरं सांगतं की इथे मोजवत नाही.

हे खरं नसतं तर जगातल्या भाषांमध्ये एकच आकडा दिसला असता, कारण गोम तर सगळीकडे तीच. प्रत्यक्षात काय दिसतं? जर्मन तिला 'हुंडर्टफ्युसर', शंभरपायी म्हणतात. जपानी 'मुकाडे' चित्रलिपीत लिहितात ते 'शंभर' आणि 'पाय' या दोन चिन्हांनी. फारसीत ती 'हजारपा' होते. रशियन भाषेत 'सरकानोझ्का', म्हणजे चाळीसपायी. पोलिश भाषेत तर 'स्तोनोगा', शंभरपायी, हे नाव ओल्या लाकडाखाली राहणाऱ्या भलत्याच एका प्राण्याला मिळालं आहे, ज्याला अवघे 14 पाय असतात! चाळीस, शंभर, हजार. हे मोजणीतले फरक असतील तर जगातली निम्मी माणसं आंधळी होती असं मानावं लागेल. त्यापेक्षा सोपी गोष्ट ही, की प्रत्येक भाषेनं 'पुष्कळ'साठी आपल्या ठेवणीतला आकडा वापरला. या गर्दीत अरबीचं नाव मला विशेष आवडतं: 'उम्म अर्बआ व अर्बईन', चव्वेचाळिसाची आई. शंभर किंवा चाळिसासारखा हा गोल आकडा नाही, आणि घोणीच्या 42 पायांच्या तो विलक्षण जवळ जातो. उरलेल्या दोन पायांकडे मी परत येणार आहे, कारण या वादातली खरी गोम तिथेच आहे.

त्याआधी एक कबुली. शतपाद आणि सहस्रपाद ही शास्त्रीय मराठीतली जोडी शेजारीशेजारी ठेवली की ती खरंच दिशाभूल करते, आणि इथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला आहे. मुलाला वाटतं की दोघांत फरक फक्त संख्येचा, एकाला दहापट जास्त पाय. वास्तविक बऱ्याच सहस्रपादांना शंभरही पाय नसतात, आणि 191 जोड्यांचा शतपाद त्यांना सहज मागे टाकतो. खरा फरक वेगळाच आहे. शतपादाच्या शरीराच्या एका वळीला पायांची एक जोडी असते, सहस्रपादाच्या बहुतेक वळ्यांना दोन. शतपाद शिकारी, विष असलेला, चपळ. सहस्रपाद कुजका पालापाचोळा खाणारा, संथ, धक्का लागताच वेटोळं करून पडून राहणारा. मराठीनं हा फरक कधीच ओळखला होता. पहिली गोम किंवा घोण. दुसरा वाणी किंवा पैसा, कारण वेटोळं केलं की तो नाण्यासारखा दिसतो. या शब्दांत एकही आकडा नाही आणि गोंधळालाही जागा नाही. पाठ्यपुस्तकानं आधी गोम आणि वाणी शिकवावेत, शतपाद आणि सहस्रपाद मागाहून. पण ही तक्रार त्या जोडगोळीविषयी आहे, शतपदी या जुन्या शब्दाविषयी नाही. आणि 'हजार पायांचा कुणीच नसतो' हे वाक्य छातीठोकपणे म्हणणाऱ्यांनी आता जपावं: 2021 साली पश्चिम ऑस्ट्रेलियात, जमिनीखाली 60 मीटर खोल, 1306 पायांचा सहस्रपाद सापडल्याचं जाहीर झालं. त्याआधीचा विक्रम 750 पायांचा होता. जे नाव पिढ्यान्‌पिढ्या अतिशयोक्ती म्हणून शिकवलं गेलं ते अक्षरशः खरं ठरवणारा जीव तोवर अंधारात चालतच होता.

विज्ञानात तरी नाव अचूक हवं, हा आग्रह मला समजतो. पण विज्ञानानं या प्राण्याला शंभरपायी म्हटलेलंच नाही. गोमांच्या वर्गाचं शास्त्रीय नाव 'कायलोपोडा'. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो ओठ आणि पाय, म्हणजे ओठापाशी पाय असलेले. आणि शास्त्राची नावं तरी कुठे नेहमी खरी असतात? ऑक्सिजन या शब्दाचा अर्थ आम्ल जन्माला घालणारा. ते नाव देणाऱ्या लॅव्हॉझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची समजूत होती की आम्लता ऑक्सिजनमुळेच येते. मिठाच्या आम्लात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात, ऑक्सिजनचा अंशही नसतो हे नंतर कळलं, नाव मात्र तेच राहिलं. मलेरिया म्हणजे दूषित हवा. डासाचा संबंध 1897 साली सिद्ध झाला तरी शब्द बदलला नाही. 'ॲटम' म्हणजे ज्याचे तुकडे होत नाहीत असा, आणि त्याचे तुकडे होऊन जमाना झाला. या शब्दांवर कुणी चौकटी छापत नाही. ज्या शब्दांत खरोखर चुकीचा सिद्धांत गोठून राहिला आहे ते आपण निमूट वापरतो आणि ज्यात कसलाच सिद्धांत नाही त्याला धारेवर धरतो, हे कसं?

उलट, नावात काय आहे, काहीही म्हणा, असं म्हणून जे वाद मिटवतात त्यांच्याशीही माझं जमत नाही. नावात पुष्कळ असतं. अमरकोशात शतपदीच्या शेजारीच तिचं दुसरं नाव दिलेलं आहे: कर्णजलौका, कानाची जळू. हिंदीतला कनखजूराही कानाच्याच वाटेनं आलेला. या नावानं काय केलं ते पाहा. गोम माणसाच्या कानात शिरते, तिथून मेंदूत जाते, ही भीती किती घरांत अजून जिवंत आहे! एखादा किडा चुकून कानात जाऊ शकतो, गोमही जाऊ शकेल. पण ती कान शोधत फिरत नाही, आणि आत कानाचा पडदा आहे, मेंदूकडे जायची मोकळी वाट तिथे नाहीच. गोम लपायला जागा शोधते ती ओलसर आणि अंधारी, कारण तिच्या अंगातलं पाणी लवकर उडून जातं. नाव तपासायचंच होतं तर हे तपासायचं होतं. 'शंभर' या शब्दानं कुणाचं काही बिघडलं नाही. 'कान' या शब्दानं माणसं रात्री दचकून उठली आणि कित्येक गोमा विनाकारण चिरडल्या गेल्या. चौकटीत मात्र पायच मोजले जातात.

ज्यांनी हा शब्द कामाचा म्हणून वापरला त्यांनी काय पाहिलं, तेही बघण्यासारखं आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात शतपदीचे आठ प्रकार दिले आहेत: परुषा, कृष्णा, चित्रा, कपिला, पीतिका, रक्ता, श्वेता, अग्निप्रभा. एक खरखरीत, बाकीच्या रंगावरून ओळखायच्या. दंशानं सूज येते, वेदना होतात, आणि शेवटच्या दोघींच्या दंशानं दाह व मूर्च्छा जास्त, हेही सांगितलं आहे. पायांच्या संख्येवरून केलेला एकही प्रकार त्यात नाही. वैद्याला रोग्याजवळ बसून रंग आणि दंश यांचा उपयोग होता. 'शत' हा शब्द रोज उच्चारणाऱ्या माणसालाही तो आकडा वाटत नव्हता, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आता उरलेल्या दोन पायांकडे येतो. एकदा मी एक जड कुंडी हलवली तेव्हा खाली घोण होती. पळाली नाही. अंगाचं वेटोळं करून, पिवळसर अंड्यांचा पुंजका पायांच्या कवेत धरून ती कुशीवर पडली होती. अशी माता अंडी सतत चाटून साफ ठेवते, नाहीतर त्यांना बुरशी लागते. फार त्रास दिला तर ती अंडी सोडून जाते किंवा स्वतःच खाऊन टाकते. म्हणून मी कुंडी अलगद परत टेकवली. पण त्याआधी तिचं डोकं नीट दिसलं, आणि डोक्याखाली दुमडलेल्या, काळ्या टोकांच्या दोन आकड्याही. गोम 'चावते' असं आपण म्हणतो, पण त्या आकड्या म्हणजे जबडा नव्हे. ते पाय आहेत. धडाच्या पहिल्या वळीच्या पायांची जोडी पुढे वळून, जाड होऊन, आत विषाची ग्रंथी घेऊन विषनखी बनलेली असते. 'ओठापाशी पाय' हे शास्त्रीय नाव आलं ते यांच्यावरूनच. गोम चावत नाही, ती पायानं टोचते.

आणि पाय मोजणारे सगळे जण ही जोडी वगळून मोजतात! चालायच्या 21 जोड्या आणि विषनखीची एक, मिळून 22 जोड्या, पाय 44. अरबांची चव्वेचाळिसाची आई इथे पुरती जुळते. विषम संख्येचं कोडंही इथे थोडं उलगडतं. युरोपच्या समुद्रकाठी राहणाऱ्या 'स्ट्रिगॅमिया मॅरिटिमा' या गोमेच्या भ्रूणाचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की तिच्या वळ्या एकेक करून आखल्या जात नाहीत, दोन-दोनच्या टप्प्यानं आखल्या जातात. विषनखीची वळी धरली की एकूण बेरीज सम होते, आणि ती बाजूला काढली की चालायच्या जोड्या विषम उरतात. आता याच गोमेचं उदाहरण पुढे नेऊ. तिच्यात 49 जोड्या असणं अगदी सर्वसाधारण आहे. 49 आणि विषनखीची एक, झाल्या 50. पन्नास जोड्या, शंभर पाय. 'शंभर पायांची गोम असूच शकत नाही' हे ज्यांनी ठामपणे छापलं त्यांनी पाय कशाला म्हणायचं हेच आधी ठरवलं नव्हतं.

मी हे उदाहरण 'बघा, नाव खरं निघालं' म्हणून देत नाही. ज्यांनी शतपदी म्हटलं त्यांच्या मनात स्ट्रिगॅमिया नव्हती, आणि गूढार्थवाल्यांना मी हे आयतं हाती देऊ इच्छित नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की मोजणीचा आव आणणाऱ्या बाजूचीही मोजणी कच्ची आहे. घोणीची पायांची शेवटची जोडी चालायला वापरली जात नाही, ती पकडायला आणि चाचपायला असते. ती मोजायची की नाही? भिंतीवरची लांब पायांची गोम अंड्यातून बाहेर येते तेव्हा तिला चारच जोड्या असतात आणि कात टाकत टाकत ती 15 वर पोचते. तिच्या पायांची संख्या कोणत्या दिवशीची धरायची? तिचा पाय शत्रूच्या तोंडात सापडला तर ती तो तोडून पळून जाते, तुटलेला पाय मागे वळवळत राहतो, आणि पुढच्या कातींनंतर नवा येतो. 'गोमेचा एक पाय मोडला तरी ती लंगडी होत नाही' असं ज्या भाषेत म्हणतात, त्या भाषेला हा प्राणी कधीच नीट कळलेला होता.

म्हणून माझी मागणी लहान आहे. मुलांच्या पुस्तकातली ती चौकट ठेवा, पण 'शंभर नसतात' एवढ्यावर ती संपवू नका. शेजारी गोमेचं मोठं चित्र काढा, एका वळीला एक जोडी नीट दिसेल असं, आणि डोक्याखालच्या त्या दोन काळ्या आकड्यांवर बाण दाखवून लिहा: हेही पाय.